ओट्यावरचं फुकट लिनक्स

चाळीस वर्षं भांडी विकली, तेव्हा गिऱ्हाइकाची नाडी फक्त मलाच कळते, असा माझा समज होता. एका बाजाराच्या दिवशी शाळेतल्या उंबरजेबाईंनी माझ्या ओट्यावर टेबल मांडलं आणि कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स पेनड्राइव्हवर भरून फुकट वाटायला घेतलं.

"बाई, फुकट मालाची हमी काय? सांगा, नाहीतर टेबल उचला!" मी गिऱ्हाइकांदेखत गरजलो.

"शेठ, घरी चालवून बघा. नाही आवडलं तर परत आणा, आम्ही घेऊ," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. "तुमच्या विकतच्या मालाची हमी मात्र मी आत्ताच वाचली."

पाटीवर माझ्याच ठळक अक्षरात होतं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

सगळा बाजार हसला. मी पाटी उतरवली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर खडूनं लिहिलं, 'लिनक्स इथे फुकट मिळेल.'