हैबतीचं खिंडार

कासेवडीच्या खाली, नदीच्या अंगाला, काळ्या दगडाची एक भिंत आहे. आज ती जेमतेम छातीएवढी दिसते, कारण उरलेली गाळात गेली आहे. दोन्ही टोकं उंचवट्याला भिडलेली, आणि मध्ये बैलगाडी सहज जाईल एवढं खिंडार. नवखा माणूस म्हणतो, पुरानं फुटली असणार. तेव्हा सिद्धनाथाच्या देवळातले म्हातारे गुरव, दगडूआप्पा, मान हलवतात.

"फुटली न्हाई. फोडलीया," ते म्हणतात, आणि पाहुण्यांना खिंडारातून आत घेऊन जातात.

आतल्या जमिनीला गाव 'मळी' म्हणतं. आप्पा बसकण मारून मूठभर माती उचलतात. तपकिरी, पिठासारखी मऊ. मूठ आवळली की ढेकूळ होतं, बोट लावलं की सुटतं. जिथं काठ खचलाय तिथं आतले थर दिसतात: वर पोयटा, म्हणजे पुरानं आणलेला मऊ गाळ, त्याखाली बोटभर रेती, पुन्हा पोयटा, पुन्हा रेती. एकेक थर एकेका पुराचा. गावाच्या वरच्या बाजूला काळं रान आहे. पाऊस उघडला तरी चार दिवस तिथं पाय ठेवता येत नाही. मळीत मात्र दुसऱ्या दिवशी पेरणीची पाभर चालते. हातभर खाली ओल असते, पण पाणी थांबून राहत नाही. मुळं खोल जातात, कुजत नाहीत. इथली वांगी बाजारात हातात घेताच लोक ओळखतात.

"ही माती एकदा मेली हुती," आप्पा सांगतात. "मारली आमच्याच माणसानं."

असं सांगतात, की फार पूर्वी कासेवडीची पाटीलकी हैबती नावाच्या माणसाकडे होती. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला, लिंबाजीला, त्यानंच वाढवलं. लिंबाजीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायकोचं नाव राही. त्या श्रावणात कृष्णामाई फुगली. मळीतल्या छपरात बैल बांधलेले होते. हैबती म्हणाला, "जा रं, सोडून आण." लिंबाजी गेला. बैल पोहत वर आले. लिंबाजी आला नाही. पाणी ओसरल्यावर गावानं पार खालच्या डोहापर्यंत शोध घेतला, पण देह मिळाला नाही.

हैबती रडला नाही म्हणे. देवळात गेला, डोक्यावरचं पागोटं उतरवून देवापुढं ठेवलं, आणि भावाच्या नावानं शपथ घेतली. या नदीला पुन्हा मळीत पाऊल टाकू देणार नाही. ते होईस्तोवर डोक्याला पागोटं लावणार नाही.

मग डोंगराचा दगड आला. वडार लोक आले. पाया खणताना पोयटा लागला, रेती लागली, पुन्हा पोयटा. हैबती म्हणाला, अजून खाली. थेट मुरमापर्यंत पाया नेला आणि चुन्यात दगड बसवून दोन पुरुष उंच भिंत उठवली. गावानं हसतमुखानं अंगमेहनत दिली. पुराची धास्ती कुणाला नव्हती? भिंत पुरी झाली त्या दिवशी हैबतीनं पागोटं बांधलं, आणि भिंतीवर आपला किती भरवसा आहे ते दाखवायला गावातलं घर सोडून मळीतच नवं घर घातलं. बायको, दोन मुली आणि राही यांना घेऊन तो तिथं राहायला गेला.

पुढच्या पावसाळ्यात नदी आली, भिंतीला धडकली, परत गेली. लोकांनी भिंतीला हार घातले. त्या साली पीक चांगलं आलं. त्याच्या पुढच्या सालीही आलं. जुन्या गाळाचा कस अजून जमिनीत होता.

मग हळूहळू माती बदलत गेली. नवा पोयटा यायचा बंद झाला होता, हे एक. दुसरं असं, की वरच्या काळ्या रानातलं पावसाचं पाणी उतारानं मळीत यायचं, आणि पूर्वी रेतीच्या थरांतून झिरपत नदीला मिळायचं. आता त्याच्या वाटेत मुरमापर्यंत दगड उभा होता. पाणी आतच मुरलं, वर चढलं. पाऊल टाकलं की चिखलातून बुडबुडे यायचे. उन्हाळ्यात तोच चिखल विटेसारखा वाळायचा, आणि एके वर्षी त्यावर पांढरा खार फुटला, पीठ सांडावं तसा. वांगी पिवळी पडली. शाळू वीतभर वाढून थांबला. हैबतीनं बियाणं बदललं, खत दुप्पट घातलं, सिद्धनाथाला बोकड दिला. काही उपयोग झाला नाही. मळीवर पोट असलेली घरं एकेक करून कामाच्या शोधात परमुलखात निघाली.

भिंतीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. ती मेलेल्या माणसाच्या नावानं उभी होती, आणि पाटलापुढं ते बोलायचं कुणी?

राही या सगळ्या वर्षांत थोरल्या दिरासमोर कधी उभी राहिली नव्हती. बोलायचं तर दाराआडून, तेही जावेच्या मार्फत. एका सकाळी हैबती ओसरीवर बसला असताना ती बांबूच्या दोन पाट्या घेऊन समोर आली. दोन्हींत माती होती. तिनं त्या खाली ठेवल्या आणि पदर सावरून उभी राहिली.

"ही आपल्या दारातली," ती म्हणाली. "आन् ही भिताडाच्या पल्याडची. नदी जिथं येती तिथली. तिथं वांग्याचं झाड आलंय, कुणी न लावता. कमरेएवढं झालंय."

राहीनं तांब्या घेतला आणि दोन्ही पाट्यांत पाणी ओतलं. पलीकडच्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं. पाटीच्या फटींतून खाली थेंब गळू लागले. दारातल्या मातीवर पाण्याचं तळं साचलं, आणि तसंच राहिलं. ओसरीवरचं ऊन सरकलं तरी त्यात आभाळ दिसत होतं.

हैबतीनं त्या तळ्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाला, "आन् लिंबाजी?"

"ते माझं बी मानूस हुतं, भावजी."

"त्याला म्या धाडलं हुतं."

राहीला हे ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं.

"त्यास्नी नदीनं न्हेलं," ती म्हणाली. "मळीला आपुन मारतोय. येकाच्या बदल्यात किती घरं उठवायची?"

ती पाट्या तिथंच ठेवून आत गेली. हैबती त्या दिवशी जेवला नाही, असं सांगतात.

भिंत फोडायची असं हैबतीनं सांगितलं, तेव्हा गावकीनं सिद्धनाथाला कौल लावला. कौल असा आला, की ज्यानं शपथ घेतली त्यानंच ती सोडवावी. दुसऱ्या कुणी भिंतीच्या दगडाला हात लावू नये. हैबतीनं पागोटं उतरवून नदीत सोडलं आणि पहार घेतली. वैशाखाचं ऊन, चुन्यातला बांध, आणि माणूस एकटा. भिंत मजबूत बांधायला लावली होती ती त्यानंच. हाताची सालं गेली, जेठ लागला, तरी भिंतीला जेमतेम माणूस शिरेल एवढीच फट पडली होती. गाव लांब उभं राहून बघत होतं. मदत करायची इच्छा असूनही कुणाला पाय पुढं टाकता येत नव्हता.

तेव्हा राही पुढं झाली आणि सुटलेला दगड उचलू लागली. गावकीतला एकजण म्हणाला, "बाई, कौल ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की," राही म्हणाली. "शपथ त्यांची, पर ज्याच्या नावानं घेतली तो नवरा माझा."

तो माणूस मागं सरला. हैबती पहारीनं दगड उचकटायचा, राही तो ओढून बाजूला टाकायची. पाया मुरमापर्यंत उकरून झाला तेव्हा नदीचं पाणी गढूळ होऊ लागलं होतं. घरातली भांडीकुंडी आणि गुरं वर गावात हलवली. घराच्या भिंती मातीच्या होत्या; त्या तिथंच राहिल्या.

श्रावणात नदी खिंडारातून आत आली. लोकांना वाटलं होतं लोंढा येईल, पण भिंतीनं जोर मोडल्यामुळं पाणी सावकाश पसरत गेलं. हैबतीचं नवं घर आधी खाली विरघळलं, मग छप्पर बसलं. तो वर देवळापाशी उभा राहून बघत होता. बायको रडत होती. तो म्हणाला, "रडू नगंस. जागा नदीचीच हुती."

पाणी आलं त्याच वाटेनं परत गेलं, आणि मागं बोटभर पोयटा ठेवून गेलं. तरी मळी काही एका सालात सुधारली नाही, हेही आप्पा सांगायचं विसरत नाहीत. खार धुऊन निघायला बरेच पूर लागले. पहिल्या साली नुसतं गवत उगवलं. मग हरभरा धरला, मग शाळू. वांगी आली तेव्हा हैबती वाकला होता. परमुलखात गेलेली घरं तोवर परतली होती, सगळी नाही, पण बरीचशी. पुन्हा त्यानं पागोटं कधी बांधलं नाही. मेल्यावर त्याला खिंडाराच्या तोंडाशी अग्नी दिला. राही त्याच्यामागं पुष्कळ जगली. तेव्हापासून भिंतीचा एकही दगड निखळला नाही म्हणे, आणि खिंडार बोटभरही रुंद झालं नाही.

आजही कासेवडीत मळीला कुणी बांध घालत नाही, की तिथं घर बांधत नाही. पूर ओसरला, जमीन पेरणीजोगी सुकून वाफसा आला, की पेरणीआधी सगळं गाव खिंडारापाशी जमतं. पुरुष डोकं उघडं ठेवतात. मंत्र नाही, वाजंत्री नाही. हातभर खोल खड्डा करतात आणि एक बाई त्यात घागर रिकामी करते. मान पाटलिणीचा नाही. ज्या घरातलं माणूस नदीनं नेलं असेल, त्या घरच्या बाईचा आहे. ती खड्ड्याच्या काठाशी बसते आणि पाणी खाली उतरताना बघते. कधी लगेच उतरतं, कधी वेळ लागतो. तोवर कुणी घाई करत नाही. पाणी पुरतं उतरलं की ती उठते आणि म्हणते, "पेरा." मग पाभरी जुंपतात.