चांगुणाने परत केलेले हातमोजे

नाशिककडच्या एका गावात रंगनाथराव नावाचे बागायतदार होते. स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची ते वाइन करत. वाइन उत्तम उतरे. माणूसही वाईट नव्हता. मजुरी वेळेवर देई, अडीनडीला धावून जाई. फक्त बायामजुरांच्या सोयीचा विषय निघाला की म्हणे, “पुढच्या हंगामात बघू.”

द्राक्षतोडणीला सुरगाण्याकडच्या बाया येत. त्या शेततळ्याचं पाणी पीत. कात्रीने बोटं कापत, त्यावर चिंधी बांधत. तान्ही पोरं वेलींच्या बुंध्याशी, उन्हातच निजत. असे बरेच हंगाम गेले.

एका वर्षी परदेशातल्या एका व्यापाऱ्याला ही वाइन फार आवडली. त्याने कळवलं, “सगळा माल घेतो. पण बाटलीवर न्याय्य व्यापाराचा शिक्का हवा. राबणाऱ्यांना नीट वागवलं जातं, याची खात्री झाल्याशिवाय तो मिळत नाही.”

तपासणीची तारीख ठरली. रंगनाथरावांनी आदल्या दिवशी धावपळ करून बागेच्या कडेला हिरव्या जाळीचा मांडव घातला. पिण्याच्या पाण्याचे जार आणले, भाड्याचा फिरता संडास उभा केला, नवे हातमोजे वाटले. मग बायांना म्हणाले, “उद्या तपासणीच्या बाई विचारतील. हे सगळं नेहमीचंच आहे, असं सांगा.”

बायांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्का देणाऱ्या संस्थेच्या वागळेबाई तपासणीला आल्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि सर्वांत जुन्या मजूर बाईला, चांगुणाला विचारलं, “ही सोय नेहमी असते का?”

चांगुणाने जमिनीकडे बघितलं. “असती बाई. मालक चांगले आहेत.”

वागळेबाईंनी कागद भरला, चहा घेतला आणि त्या गाडीत बसल्या.

रंगनाथरावांचा जीव भांड्यात पडला. पेढ्यांचा पुडा घेऊन ते बायांचं तोंड गोड करायला बागेत आले, आणि जागीच थबकले.

बायांनी हातमोजे धुऊन तारेवर जोडीजोडीने वाळत घातले होते. पाण्याचे जार एका रांगेत लावून ठेवले होते. एक बाई मांडवात निजलेलं लेकरू उचलून पुन्हा वेलीच्या बुंध्याशी नेत होती.

चांगुणा पुढे आली. “मालक, हातमोजे मोजून घ्या. एक जोडी जराशी फाटली, माझ्या कात्रीनं.”

“परत द्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायचं काय त्यात?” ती साधेपणाने म्हणाली. “बाई गेल्या ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. तेच रंगनाथरावांना सोसेना. त्यांनी हळूच विचारलं, “चांगुणाबाई, माझ्यासाठी खोटं का बोललात?”

“तुम्ही सांगितलं म्हणून. नाही म्हटलं आन् पुढल्या सालाला कामाला बोलावलंच नाही, तर? आन् माझी लेक आजारी होती तेव्हा तुम्हीच गाडी दिली होती. तुमचं काम अडावं असंही वाटंना.”

रंगनाथरावांनी पुडा तिच्या हातात दिला आणि मोटरसायकल काढली. फाट्यावर त्यांनी वागळेबाईंची गाडी गाठली.

“बाई, तो मांडव कालचा आहे. पाणी, हातमोजे, सगळं कालचं. त्या बायांना मीच खोटं बोलायला लावलं. दोष त्यांचा नाही.”

वागळेबाईंनी भरलेला कागद काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. “मग शिक्का देता येणार नाही, रंगनाथराव.”

“माहीत आहे.”

व्यापारी दुसरीकडे गेला. वाइन जवळच्या बाजारात पडेल भावाने विकावी लागली. घरी बायको दोन दिवस बोलली नाही. पण बागेतला मांडव निघाला नाही. पाणी रोज आलं. हातमोजे बायांच्या नावाने दिले गेले, आणि पावसाळ्याच्या आत पक्का संडास बांधून झाला.

पुढच्या हंगामात वागळेबाई न कळवता आल्या. रंगनाथराव समोरच उभे होते. बाईंनी चांगुणाला पुन्हा विचारलं, “काय, सगळं ठीक आहे?”

चांगुणाने हातातला घड क्रेटमध्ये ठेवला आणि मान वर केली.

“पाणी ग्वाड हाये. मांडव बरा हाये. पण संडास फार लांब पडतो, बाई. वरच्या वाफ्यातून जायचं तर अर्धा घंटा मोडतो. आन् पोरांसाठी झोळ्या बांधायला मांडवाला डांब पायजेत. मालकांना सांगितलंय, अजून केलं नाही.”

बाकीच्या बाया हसल्या. वागळेबाईंनी रंगनाथरावांकडे पाहिलं.

“लिहा बाई,” ते म्हणाले, “खरं आहे ते.”

त्या वर्षी त्यांना शिक्का मिळाला.

तात्पर्य: आपल्यासाठी राबणारा माणूस आपल्याच तोंडावर आपली उणीव बिनधास्त सांगू शकतो, तिथेच व्यवहार न्यायाचा असतो, त्याच्या भीतीतून मिळवलेली शाबासकी खरी नसते.