हिरूचा आभाळातला फोन

“फोन आभाळात जातो, तिथून खाली येतो. मग वाटेत तो दमत नाही का?”

हा प्रश्न हिरूने अख्ख्या गावाला विचारला. 

खाडीकाठी खारकोंड नावाचं एक गाव होतं, तिथे हा भोळा हिरू राहायचा. मिशा होत्या, ताकद होती. सांगितलेलं मात्र जसंच्या तसं करायचा. दोन वर्षांपूर्वी वादळाची खबर समुद्रात पोचली नाही आणि त्याच्या बाबांची होडी परत आली नाही. म्हणून थोरल्या भावाने, दादूसने, उपग्रहावरून चालणारे दोन फोन आणले. एक होडीत ठेवला, एक हिरूकडे दिला. “रोज संध्याकाळी मी फोन करीन. उचल,” असं सांगून तो समुद्रात गेला.

पहिल्या दिवशी हिरू फोन घेऊन माजघरात बसला. फोन लागेना.

“अरे खुळ्या,” वैनी म्हणाली, “याला उघडं आभाळ लागतं. महत्त्वाचं बोलायचं ते उघड्यावर येऊन बोलावं.”

“बरं वैनी. आता विसरायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या यमुनाकाकूंच्या ताराला बघायला पाहुणे आले. वैनी म्हणाली, “काकूंना जाऊन सांग, तारा घोरते ते चुकूनसुद्धा बोलू नका.”

हिरूने काकूंना हाताला धरून अंगणात आणलं. वर बघितलं. आभाळ मोकळं होतं. मग तो ओरडला, “काकू, तारा घोरते ते बोलू नका!”

ओटीवरचे पाहुणे चहा न पिता उठले.

वैनीने कपाळावर हात मारला. “अरे, आजूबाजूला कुणी नसेल तेव्हाच बोलावं!”

“बरं वैनी. आता विसरायचा नाही.”

तिसऱ्या दिवशी जाळी ठेवायच्या खोपटातून हिरूला धूर दिसला. खोपटाकडे पाठ करून सहा जण पत्ते खेळत होते. हिरू शेजारी जाऊन बसला.

“काय रे हिरू?”

“तुम्ही जा. मग सांगतो.”

“काय सांगतोस?”

“तेच. तुम्ही गेल्यावर.”

डाव संपेपर्यंत खोपटाचं छप्पर खाली आलं होतं.

“मेल्या!” वैनी ओरडली. “लाल दिसलं, गरम लागलं, की आधी पाणी ओतावं, मग तोंड उघडावं!”

“बरं वैनी. आता विसरायचा नाही.”

चौथ्या दिवशी दुपारी रेडिओने सांगितलं, उद्या रात्री मोठं वादळ येणार. गावच्या पाचही होड्या लांब होत्या आणि फोन एकट्या दादूसकडे होता. वैनी ओरडली, “हिरू, पळ! दादूसला सांग, सगळ्यांना घेऊन परत फिर!”

हिरू अंगणात धावला. फोन सकाळपासून उन्हात पडलेला. हात लावला तर गरम. वर लाल दिवाही लुकलुकत होता.

हिरूने आधी बादलीभर पाणी ओतलं. मग तोंड उघडलं.

फोन गप्प. वैनीने तो पदराने पुसला, झटकला, पण दिवा काही लागला नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही होड्या धक्क्याला लागल्या. दादूस धावतच घरी आला. “काल संध्याकाळी तीनदा फोन केला, कुणी उचलेना! म्हटलं घरी काहीतरी भलतंच झालं. मी फिरलो, मागोमाग सगळे फिरले.”

रात्री वादळ आलं, तेव्हा समुद्रात गावातलं कुणी नव्हतं.

दादूसने हिरूला मिठी मारली. “तू फोनवर पाणी ओतलंस म्हणून आम्ही सगळे घरी आलो रे!”

“बरं दादूस,” हिरू म्हणाला. “आता विसरायचा नाही.”

महिन्याभराने पाचही होड्यांना नवेकोरे फोन मिळाले. निघायच्या सकाळी माणसं समुद्राला नारळ द्यायला गेली. फोन ओट्यावर ओळीने ठेवलेले होते.

हिरूने विहिरीचं पाणी शेंदलं. पहिल्या फोनवर एक बादली ओतली. दुसऱ्यावर एक. तिसऱ्यावर, चौथ्यावर एकेक. पाचवा फोन यमुनाकाकूंच्या मुलाचा. तो सगळ्यांत लांब जाणार होता.

त्याच्या फोनवर हिरूने दोन बादल्या ओतल्या.