ढिला पाय

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लंत. एकदाच सांगतो. पुन्हा विचारायला आलात तर दारातूनच परत पाठवीन. गुरू-चेल्याच्या गोष्टी ऐकायला गोड लागतात. ज्याच्या अंगावरून जातात त्याला विचारा.

यात भैरू पंक्चरवाला येतो, तो मीच. मी-मी करत सांगायची मला लाज वाटते, म्हणून भैरू म्हणणार. आणि शागिर्दाचं नाव घेणार नाही. त्याच्याकडून एक माफी यायची आहे, ती अजून आलेली नाही. आली की नाव घेईन असं ठरवलं होतं. बघू, शेवटापर्यंत जमतं का.

तर...

"बोला वस्ताद, पंप खोटा का माणसाचा पाय खोटा?"

शागिर्दानं हे स्वतःच्या अंगणात उभं राहून विचारलं. वस्ताद हाताच्या अंतरावर होते, पण आवाज आजूबाजूच्या घरांसाठी लावलेला.

दस्तगीर वस्ताद पायरीवर बसले होते, हनुवटी काठीवर. घाटमाथ्यावरच्या निम्म्या मिस्त्र्यांना पाना धरायला त्यांनी शिकवलं. हा शागीर्द त्यातला सगळ्यात हुशार. तसं तो स्वतःच सांगायचा.

अंगणात जीप उभी होती, बॉनेट उघडं टाकून. ब्रेक ऑइलच्या डबीला घट्ट बूच, बुचातून नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला फवारणीचा हातपंप. भाजीवर औषध मारायचा असतो ना, तसलाच. कोरा करकरीत. त्याच्या मानेला हवेचा मीटर बसवलेला.

"मीच बनवलाय," शागीर्द म्हणाला. "पंपात हवा भरायची, काटा बघायचा. वरनं दाब आला की ऑइल आपल्या पायानं चाकापर्यंत जातंय. चाकाजवळचं निपल ढिलं केलं की बुडबुडे भाईर. साफ ऑइल आलं की निपल बंद. एकट्यानं चारी चाकं केली. कुणाचा पाय लागला न्हाई."

शेवटचं बोलताना त्यानं फाटकाकडं पाहिलं.

फाटकाबाहेर भैरू उभा होता.

तो काही आपण होऊन आला नव्हता. वस्ताद सकाळी त्याच्या दुकानापुढं थांबले होते.

"चल."

"कुठं?"

"त्याच्या घरी. ब्रेक बघायला बोलावलंय."

"मग माझं काय काम तिथं?"

"पाय घेऊन चल."

"पाय घरी ठेवून चालता येतंय व्हय?" भैरू खेकसला. पण निघाला.

फाटकाच्या आत मात्र गेला नाही. या अंगणात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्याला शागिर्दानंच बजावलं होतं. संपतच्या दहाव्याला. चारचौघांत.

संपत हा शागिर्दाचा धाकटा भाऊ. माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचा. ब्रेक थोरला करणार, गाडी धाकटा हाकणार, असं त्यांचं चाललेलं. बरं चाललेलं.

तेव्हा हा पंप नव्हता. जुनी रीत होती. एकानं आत बसून पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं पाना घेऊन चाकाशी लोळायचं. चाकाजवळचा ओरडतो, "धर!" आतला पॅडल दाबून धरतो आणि म्हणतो, "धरलंय." मग निपल सुटतं आणि नळीत अडकलेली हवा निघते. "धरलंय" ऐकू आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. वस्तादांच्या हाताखाली पहिल्या दिवशी हेच शिकायला मिळायचं.

त्या दिवशी आत भैरू बसला होता. शेजारधर्म म्हणून.

"धर!"

भैरूनं दाबलं. धरलं. आणि म्हणाला, "सरकतंय."

"काय?"

"पॅडल. पायाखालनं सरकतंय हळूहळू."

"तुझा पाय ढिला हाय, म्हाताऱ्या! धर नीट!"

भैरूनं दात खाऊन धरलं. पुन्हा सरकलं. त्यानं पुन्हा सांगितलं. या खेपेला शिवी आली, आईवरून.

दुसऱ्या दिवशी संपत रिकामी जीप घेऊन घाट उतरायला लागला. चाफ्याच्या वळणावर जीप वळलीच नाही. संपतला वर काढायला दोर लावावे लागले.

तिरडी उचलताना भैरू खांदा द्यायला पुढं झाला. शागिर्दानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं लोटलं.

"ह्याच्या पायानं माझा भाऊ खाल्ला. मधीच उचलला पाय ह्यानं, हवा आत ऱ्हायली. तू हात लावू नगंस."

गावानं ऐकलं. गावाला ऐकायला काय लागतं? पोरं मागून ओरडायला लागली, "ढिला पाय, ढिला पाय!" भैरू दगड उचलायचा, मारायचा नाही.

आणि दुकानाची झाप लावली की तो आत भिंतीला पाय टेकून दाबत बसायचा. पाय सरकतो का बघायला. भिंत सरकायची नाही. पायही सरकायचा नाही. तरी त्याला पटायचं नाही. उद्या पुन्हा बसायचा. माणसाला एकदा म्हटलं ना की तू मारलंस, की तो स्वतःच पुरावा शोधायला लागतो.

वस्ताद या सगळ्यात एक शब्द बोलले नव्हते. आणि आज शागिर्दानं त्यांनाच बोलावलं होतं.

कारण आज जीप घाट उतरणार होती. ही दुसरी जीप, त्याच जातीची, जुनी घेतलेली. संपतची बायको सगुणा तिच्यातून माहेरी निघाली होती, बाळंतपणाला. दिवस भरत आलेले. ती गाठोडं घेऊन दारात उभी होती. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं, निघताना चिरडायला.

"सगळी हवा काढलीस?" वस्तादांनी विचारलं.

"सगळी."

"गाडीची म्हणतोय मी."

फाटकाबाहेर भैरू खोकला. खोकलाच. हसला नाही.

शागिर्दाचे कान तापले. "चेष्टा करा वस्ताद, पण हे बघा." त्यानं जीपमध्ये पाय घालून पॅडल मारलं. धाप. धाप. धाप. "दगड हाय दगड! हाय का कुठं मऊ?"

वस्ताद उठले. काठी टेकत बॉनेटपाशी आले. वाकून आत बघत राहिले... मग ऑइलच्या डबीखालच्या लोखंडी नळकांड्यावर बोट टेकवलं. पायाचा दाब ऑइलवर ढकलतं ते नळकांडं. मिस्त्री लोक त्याला मास्टर म्हणतात; त्याच्या आतलं रबर गेलं तर बाहेरून दिसत नाही.

"मास्टर कुठला?"

"संपतच्या जीपचाच. ह्या जीपचा गळत हुता, म्हणून तो टाकला. दरीतनं मी स्वतः काढून आणलेला. ओरखडा न्हाई त्याला." शागिर्दाचा आवाज थोडा खाली आला, पण मान वरच राहिली. "माझ्या हातनं बसवलेला हुता, वस्ताद. माझ्या हातचं काम फेकू व्हय?"

...

वस्तादांनी बोट उचललं. धोतराला पुसलं.

"म्हणून तर म्हणतोय," शागीर्द पुन्हा मोठ्यानं बोलायला लागला. "मास्टर तोच. हात तोच. ऑइल कोरं. आन् पाय कुणाचाच न्हाई, तर पॅडल दगड! मग त्या दिवशी खोट कशात हुती? आज सांगून टाका सगळ्यांदेखत. हिला पण कळू द्या, हिचा कुंकवाचा धनी कुणी नेला ते."

सगुणानं मान खाली घातली.

भैरूनं फाटकाची फळी धरली. जायचं तर आत्ताच जायला हवं होतं. पण पाय हलेनात. ढिले असते तर हलले असते.

"आत बस," वस्ताद म्हणाले.

"कोण, मी?"

"पंपाला बसता येत असंल तर पंपाला बसव."

शागीर्द हसला. बाह्या सारत चढला, बसला.

"धर."

पाय पडला. धाप.

"धरलंय!"

वस्ताद वळले आणि पुन्हा पायरीवर येऊन बसले. "पोरी, पाणी दे." सगुणानं गाठोडं काखेला मारून तांब्या आणला. ते सावकाश प्यायले. उरलेलं पाणी तुळशीला ओतलं, शिंपडलं नाही, ओतलं, बारीक धारेनं...

"वस्ताद?"

"धर."

"धरलंय की."

...

एक कोंबडी जीपखालून निघाली आणि लिंबाला चोच मारून गेली.

जीपला दारं नव्हती. भैरूला फाटकातून शागिर्दाचा गुडघा दिसत होता. बाकी काही नाही, गुडघाच. बसला तेव्हा तो दुमडलेला होता.

आता तो दुमडलेला नव्हता. हळूहळू सरळ होत चालला होता, झोपेत माणूस पाय ताणतो तसा.

भैरू फळीवरून पुढं वाकला. तो गुडघा त्याच्या ओळखीचा होता.

"धर," वस्ताद म्हणाले.

"धरलंय!" या खेपेला आवाज चिरकला. "किती वेळ धरायचं?"

"घाट उतरस्तवर."

शागिर्दानं एकदम पाय उचलला आणि पुन्हा हाणला. धाप! "बघा! आलं का न्हाई वर? दगड!"

"आलं वर," वस्ताद म्हणाले. "आता धर."

...

शेजारणी कुंपणाला आल्या होत्या. शागिर्दाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. पाय जोर लावत होता. जेवढा जोर लावावा तेवढा गुडघा सरळ होत होता.

सगुणा पायरी उतरली. पोट सांभाळत जीपपाशी गेली. आत वाकून त्याच्या पायाकडं बघितलं.

"भावजी," ती म्हणाली, "पाय कुठं चाललाय तुमचा?"

...

"बोला की."

...

"सरकतंय," शागीर्द म्हणाला.

इतक्या हळू, की कुंपणापर्यंत पोचलं नसेल. सगुणाला पोचलं. फाटकापर्यंत पोचलं.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. त्या दिवशीही ती याच दारात उभी होती, हातात तांदूळ पाखडायचं सूप घेऊन. हाच शब्द तिनं याच जागी उभ्या असलेल्या संपतच्या जीपमधून ऐकला होता, दुसऱ्याच्या तोंडून. तेव्हा तिला तो काही कळला नव्हता.

ती रडली नाही. वळली आणि फाटकाकडं बघत राहिली.

भैरूनं या दिवसासाठी किती बोलणी जमवून ठेवली होती. भिंतीला पाय लावून एकेक शिवी घासून ठेवलेली. आता तोंड उघडलं तर आत थुंकीसुद्धा नव्हती. तिच्या नजरेला नजर द्यावी म्हणून त्यानं मान वर केली, आणि त्याला तिचं पोटच दिसलं. अजून थोडा उशीर झाला असता, तर जीप वळणापाशी असती.

तो उभाच राहिला. आपला पाय त्याला पहिल्यांदा जड लागला.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकून वाकले, चाकाखालचं लिंबू काढलं आणि खिशात टाकलं.

"वस्ताद," शागिर्दाचा चेहरा ओल्या भिंतीसारखा सुटला होता. "वस्ताद, तो म्हणाला हुता... मी ऐकलं हुतं, वस्ताद. मी..."

त्याला खाली उतरायचं होतं. त्यानं पॅडलवरचा पाय उचलायला घेतला.

वस्तादांनी काठी त्याच्या गुडघ्यावर आडवी ठेवली.

"धरून ठेव, हिंदुराव."