डेटा सेंटरची शेजारीण

मंगळवारी सकाळी ठीक नऊ वाजून वीस मिनिटांनी आंबेखिंड नावाच्या एका गावात एक पांढरी गाडी शिरली. गाडीतून कंपनीचे साहेब उतरले. तळ्याकाठचं गायरान त्यांना हवं होतं. तिथे डेटा सेंटर उभं राहणार होतं.

"म्हणजे काय हो ते?" गर्दीतून वनमालाने विचारलं.

"ताई, तुमच्या मोबाइलातले फोटो, रेल्वेची तिकिटं, दवाखान्याचे कागद, हे सगळं कुठेतरी साठवावं लागतं. त्याचं हे कोठार. आत यंत्रंच यंत्रं, दिवसरात्र चालू. देशाचा फायदा आणि गावाला कामं. एक हजार कामं!"

वनमालाचा नवरा भागवत लांबच्या शहरात कापडगिरणीत होता. वर्षातून दोनदा घरी यायचा. दोन वर्षांची लेक बापाला बघून आईच्या पदरामागे लपायची. हजार कामं ऐकल्याबरोबर वनमालाने फोन लावला. "अहो, गिरणी सोडून या. इथेच काम निघतंय."

"नक्की ना?" भागवत म्हणाला. "एकदा सोडली तर परत घेणार नाहीत. महिनाअखेरीला सांगून टाकतो."

फोन ठेवला, तरी त्याचा प्रश्न तिच्या कानात राहिला. नक्की ना? तिला तरी काय ठाऊक!

गावात आनंदीआनंद होता. सरपंच तुळशीराम अण्णांनी पुढच्या सोमवारी ग्रामसभा ठेवली. पोरांनी टायपिंगच्या क्लासला नावं घातली. कॉम्प्युटरचं कोठार म्हणजे आत बसून टायपिंगच करायचं असणार, हे सगळ्यांनी धरूनच घेतलं.

आता आंबेखिंडीची एक रीत होती. मुलगी द्यायची म्हटलं की बोलणी पक्की व्हायच्या आधी गावातली एक जाणती बाई न कळवता मुलाच्या गावी जायची. मुलाच्या घरी नाही, त्याच्या शेजारणीकडे. पाणी मागायचं आणि बोलत बसायचं. पाहुण्यांच्या घरात सगळं सारवलेलंच दिसतं, खरं काय ते शेजारीण सांगते. हे काम हौसाआत्याकडे असायचं.

वनमाला तिच्याकडे गेली. "आत्या, सावरदऱ्याला असंच सेंटर झालंय म्हणे. पोरगी देताना आपण शेजारणीला विचारतो, मग गायरान देताना का नाही?"

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझाच नवरा यायचाय ना? काही वाईट ऐकावं लागलं तर?"

"ऐकेन. पण कळू दे."

आत्या चपला शोधू लागली. "चल. पण बोलायचं मी. तुझ्या पोटात काही राहत नाही."

सावरदऱ्याची ती इमारत लांबलचक होती आणि तिला खिडक्याच नव्हत्या. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुण आवाज येत होता. समोरच हमीदाचाची नावाच्या बाईचं घर होतं. दोघींनी पाणी मागितलं. तिने अर्धा तांब्या आणून दिला.

"राग मानू नका, अर्धाच आहे. यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. आमची विहीर आता होळीलाच तळ दाखवते."

"आणि कामं?" वनमालाला राहवलं नाही. आत्याने तिला चिमटा काढला.

हमीदाचाची हसली. "बांधताना होती की! हजार माणूस. माझी खानावळ दीड वर्ष जोरात चालली. इमारत झाली, माणसं गेली. आता आत साठेक आहेत. त्यात आमच्या गावची नऊ. कुणी गेटवर, कुणी बागेत."

"टायपिंगवाले?"

"आमचीही सगळी पोरं तेच शिकली, बाई! आत टाइप करायला कुणी लागतच नाही. माणूस लागतो तो विजेचा आणि गारव्याचा. माझी लेक आस्मा फ्रिज दुरुस्त करायला शिकली, तेव्हा लोक हसायचे. आज ती आत पक्क्या कामावर आहे. बाकीचे कारागीर बाहेरून आणले."

"म्हणजे वाईटच म्हणायचं," आत्या म्हणाली.

"वाईट कशाला? रस्ता झाला, वीज जात नाही, शाळेला दोन खोल्या आल्या. आम्ही आधी काही विचारलंच नाही, चूक ती."

एसटीत वनमाला मनाशी हिशेब मांडत होती. तोंड मिटून बसलं तर ठराव होईल, भागवत येईल, दीड वर्ष तरी लेकीला बाप मिळेल. पण दीड वर्षानंतर ना गिरणी, ना गायरान.

सोमवारी ती सभेत उठली. "साहेब, इमारत झाल्यावर आमच्या गावची किती माणसं लागतील?"

"हजार म्हटलं ना, ताई."

"ती बांधताना. झाल्यावर?"

साहेबांनी कागद चाळले. "दहा-बारा."

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं वनमाले, नवरा नकोय का तुला घरी?" लोक हसले.

ती मागे वळली. "हवाय. म्हणून तर विचारतेय."

"जरा देशाचाही फायदा बघा," साहेब म्हणाले.

"बघतो की," हौसाआत्या म्हणाली. "आमचं गाव काय देशाबाहेर आहे?"

गावाने नाही म्हटलं नाही, अटी घातल्या. तळ्याचं पाणी मिळणार नाही, जवळच्या शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरा. पाया खणण्याआधी आमच्या वीस जणांना विजेचं आणि यंत्रं गार ठेवण्याचं काम शिकवा, पहिली भरती त्यांचीच करा. हे लेखी द्या, मग गायरान. साहेब "वर विचारतो" म्हणून निघून गेले.

त्या संध्याकाळी वनमालाने फोन केला. "गिरणी सोडू नका."

"तूच म्हणालीस ना, ये म्हणून?"

"तेव्हा मी विचारलं नव्हतं."

दीड महिना साहेबांचा पत्ता नव्हता. नळावर बायका तिच्याशी बोलेनात. आलेली लक्ष्मी हिने घालवली म्हणायच्या. मग एक दिवस कागद आले. पाण्याची अट मान्य. वीस नाही, बारा जणांना शिकवू. पहिली भरती त्यांचीच. बारा हा आकडा लहान होता, पण खरा होता. गावाने ठराव केला.

यादी पंचायतीबाहेर लागली. तीत भागवतचं नाव नव्हतं. शिकायला घेण्यासाठी कंपनीने वयाची अट घातली होती, त्याचं वय तीपेक्षा दोन वर्षांनी जास्त भरलं. वनमालाने यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग लेकीला कडेवर घेतलं आणि बाराही घरी जाऊन सांगून आली, "टायपिंग पुरे झालं रे. सोमवारपासून विजेचं आणि गारव्याचं काम शिकायला बसा."

तात्पर्य: मोठ्या आकड्याला भुलू नये. नवा उद्योग उभा राहिल्यावर किती जणांना काम देईल, किती पाणी पिईल आणि आपल्या मुलांना काय शिकवील, हे जागा देण्याआधीच विचारावं, मग उत्तर आपल्या मनासारखं नसलं तरी चालेल. आणि तुमच्या ओळखीच्या एखाद्या गावात अशी बोलणी चालू असतील, तर एवढा निरोप तिथे जरूर पोचवा.