पिठाच्या हातांची कहाणी

ऐक प्रभू येशू, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. पदर सावरा, पोरं मांडीवर घ्या, फोन पिशवीत घाला. मधे कुणी उठायचं नाही, चहा शेवटीच आहे.

एक नगर होतं. आटपाट म्हणावं इतकं काही मोठं नव्हतं. एक वेस, एक पार, एक आड, आणि कौलारू देऊळ, त्यावर क्रूस. राजा गावात नव्हता. राजा आभाळात होता, पण लक्ष सगळं गावात होतं.

त्या गावात शमुवेल नावाचा गिरणीवाला होता. गिरणी दुसऱ्याची, राबणूक याची. त्याची बायको सलोमी. कामाला वाघीण, मनानं गूळ, तोंडानं फटकळ. असतात अशा, इकडंतिकडं बघू नका. घरात दळण सगळ्या गावाचं, पण डब्यात पीठ नाही. आज आहे तर उद्या नाही, उद्या आहे तर परवा नाही.

एके दिवशी काय झालं, दुपारच्या उन्हात एक म्हातारी दारी आली. गावोगाव फिरून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणारी बाई. हातात छत्री, काखेत पिशवी, पायांवर ढोपरापर्यंत धूळ. म्हणाली, “मुली, भाकरीचा तुकडा दे.” घरात भाकरी एकच. सलोमीनं ती मोडली, मोठा तुकडा म्हातारीला दिला, लहान आपण घेतला, वर चटणी घातली. म्हातारी जेवली, तृप्त झाली. सलोमी म्हणाली, “बाई, घरात बरकत नाही. बरकत नाही म्हणून शांती नाही. काही वसा असला तर सांगा.”

“वसा सांगीन. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

मग म्हातारी म्हणाली, “लोक प्रभूला पाहुणा करतात. पाहुण्याला चांगली खुर्ची, चांगला कप, आणि त्याच्यासमोर घरातलं खरं काही बोलायचं नाही. तू त्याला घरचा कर. सकाळी चूल पेटवशील, पहिलं नाव त्याचं घे. दुपारी भाकरी थापशील, पहिली भाकरी दारी येईल त्याची. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरातला रुसवा मिटव. रविवारची वाट बघायची नाही. रोज करायचं.”

“किती दिवस करू?”

“जेवतेस किती दिवस? तितके दिवस.”

“उद्यापन काय?”

“याला उद्यापन नाही गं,” म्हातारी म्हणाली, छत्री उघडली, वाटेला लागली.

मग सलोमीनं वसा घेतला. काडी ओढली की म्हणायची, “प्रभू, तुझं नाव, माझी चूल.” भाकरी थापली की पहिली बाजूला. कधी फकीर यायचा, कधी मेंढका, कधी कुणीच नाही आलं तर शेजारच्या म्हाताऱ्या आजीला द्यायची. आणि संध्याकाळी भांडण उरलंच तर सलोमी उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, “अहो, सूर्य बुडायला आला. चुकलं माझं म्हणते, पण निम्मं तुमचंही चुकलंय.” शमुवेल हसायचा. मग गिरणीतून तसाच, पिठानं पांढरा, चुलीपाशी बसायचा आणि शास्त्राचा एक अध्याय वाचायचा. भिंतीवर प्रभूची तसबीर, खाली फोडणी, मधे अध्याय. असं त्यांचं देवघर.

पहिलं वर्ष गेलं, डब्यात पीठ राहू लागलं. दुसरं गेलं, दारात शेळी आली. तिसऱ्या वर्षी गिरणीचा मालक थकला, म्हणाला, “शमुवेल, तुझ्याइतका सरळ माणूस नाही, गिरणी तूच चालव, तूच घे.” आणि खरंच तो सरळ. गव्हावर गहू दळायचा, बाजरीवर बाजरी. मिरची दळली तर आधी दोन पायल्या कोंडा फिरवायचा, जातं झाडायचा, मग पुढचं दळण. एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात जायचं नाही. सात गावच्या बाया डोक्यावर डबे घेऊन यायला लागल्या.

मग काय झालं? बरं चाललं की माणसाचं होतं तेच. सलोमीनं स्लॅबचं घर बांधलं. ओट्यावर गॅस आला. आणि तिला वाटलं, आपण सुखात, प्रभू मात्र अजून फोडणीच्या धुरात. बरं दिसत नाही. मग तिनं पुढची खोली प्रभूची केली. निळा रंग दिला, तसबीर नवीन चौकटीत बसवली, मखमलीची खुर्ची आणली, शास्त्र जरीच्या कापडात बांधून कपाटात ठेवलं, दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. खोली रविवारी उघडायची, सणाला उघडायची, आणि देवळाचे पाळकसाहेब आले तर उघडायची. बायांना दाखवायची, “बघा, पिठाचा कण सापडतो का.” सापडत नसे. मनापासून केलं हो तिनं, द्वाडपणा नव्हता त्यात. पण प्रभू पाहुणा झाला.

मग वसा सुटायला लागला. आधी चुलीवरचं नाव गेलं. गॅसचं बटण फिरवलं की जाळ, नाव घ्यायला सवडच कुठं. मग पहिली भाकरी गेली. एक धनगरीण दारी आली, सलोमी म्हणाली, “बाई, रविवारी देवळात या, तिथं वाटप असतं.” धनगरीण म्हणाली, “भूक आज लागलीया,” आणि निघून गेली. सलोमीला जरा लागलं, पण जराच.

आता तिसरं ऐका. उपासकाळाचा, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांचा, पहिला दिवस, म्हणून खोली उघडलेली. संध्याकाळी शमुवेल गिरणी बंद करून आला, दार उघडं दिसलं म्हणून निळ्या खोलीत शिरला. कपाट उघडलं, जरीचं कापड सोडलं, आणि खुर्चीवर टेकून अध्याय काढला. सलोमी आली. बघते तर मखमलीवर पीठ, जरीवर पीठ, पानावर पाच बोटं पिठाची. म्हणाली, “हे काय, पिठाचे हात घेऊन प्रभूच्या खोलीत?”

“मी गिरणीवाला आहे, सलोमी. माझे हात पिठाचेच असायचे.”

“मग रविवारी अंघोळ करून वाचा. आत्ता बाहेर व्हा.”

शमुवेल उठला. शास्त्र मिटलं, होतं तसं ठेवलं, खुर्ची हळू झटकली आणि बाहेर गेला. सूर्य मावळतीला होता. सलोमीला कळत होतं, आत्ता एक शब्द बोलावा. पण आधी तिनं खुर्ची पुसली, मग जरीचं कापड झटकलं, मग कुलूप लावलं. तोवर सूर्य बुडाला.

त्या दिवसापासून शमुवेल तिच्याशी बोलेना. लोक उपासकाळात गोड सोडतात, मटण सोडतात, यानं बायकोशी बोलणं सोडलं. काही सांगायचं तर गिरणीतल्या वजनकाट्याला सांगायचा. “काट्या, सांग हिला, डिझेल संपलंय.” “काट्या, सांग हिला, मला भूक नाही.” सलोमीही काही कमी नाही. तीही म्हणायची, “काट्या, सांग यांना, उपाशी राहा.” बाया दळणाला यायच्या त्या हसून हसून बेजार. पण घरी ताट वाढून ठेवायचं, त्यानं एकट्यानं जेवायचं, तिनं एकटीनं जेवायचं, हे काही हसण्यासारखं नव्हतं. दहा दिवस गेले, वीस गेले, तीस गेले. तिला घास गिळेना. माफी ओठांपर्यंत यायची आणि परत जायची. एकदा सूर्य बुडू दिला की दुसऱ्या दिवशी शब्द दुप्पट जड होतो, बायांनो. तुम्हाला काय सांगायचं.

आणि एके सकाळी तिनं ऐकलं, “काट्या, सांग हिला. वैजापूरच्या गिरणीवर माणूस पाहिजे. पुनरुत्थानाचा रविवार झाला की सोमवारी मी चाललो. गिरणी तिनं चालवावी, मला या घरात शास्त्र वाचायला जागा नाही.”

 सलोमीनं ठरवलं, आज बोलेन. शुक्रवारी ठरवलं, उद्या बोलेन. शनिवार उजाडला, तर मिरचीचा हंगाम. वर्षाच्या तिखटासाठी बायांची ही रीघ. लग्नघरची मिरची आली, शमुवेलनं दुपारी ती दळून दिली. मग सणासाठी दाढी करायला न्हाव्याकडं निघाला. जाताना म्हणाला, “काट्या, सांग हिला, आत मिरची फिरलीय. कोंडा फिरवल्याशिवाय काही घालू नको.” काट्यानं ऐकलं. सलोमी तिथं नव्हती. ती निळ्या खोलीत पितळेचा क्रूस घासत होती.

मग पाळकीणबाई आल्या, डोक्यावर गहू. “सलोमी, उद्याच्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं दळण आहे, लवकर दे.” शनिवारी हे दळण नेहमी मिरचीच्या आधी असायचं, म्हणून तिनं आत काही बघितलं नाही. सलोमीनं गिरणी चालू केली, गहू घातला. घालताना तीन शिंका आल्या, तिला वाटलं ऊन-पाण्याचं असेल. पाळकीणबाईंना आठवड्याची सर्दी, वास कसला येतो. पीठ बघून म्हणाल्या मात्र, “लालसर दिसतंय गं.”

“नव्या गव्हाचं असतं तसं,” सलोमी म्हणाली. गिरणीवालीण ना ती, तिला कोण काय सांगणार.

रविवार उजाडला. देऊळ फुलांनी भरलं, पोरीबाळी नव्या कपड्यांत, गायन असं की कौलं हलावीत. मग प्रभुभोजन. तबक फिरलं. भाकरीचा तुकडा प्रत्येकाच्या हातात. पाळकसाहेब म्हणाले, “घ्या,” आणि सगळ्या मंडळीनं एकदम तोंडात घातला.

 मग मागच्या बाकावर एक जण खोकला. मग मधल्या बाकावर तीन. मग सगळं देऊळ. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, म्हातारे हुंदके देतायत, तरण्या पदरात तोंड लपवतायत. पाळकसाहेबांनी अजून खाल्लं नव्हतं. त्यांना वाटलं, आत्मा उतरला. दोन्ही हात वर करून म्हणाले, “रडा, माझ्या लेकरांनो, मोकळेपणानं रडा, असा पश्चात्ताप मी तीस वर्षांत पाहिला नाही.” मग त्यांनी आपला तुकडा खाल्ला, आणि त्यांनाही पश्चात्ताप झाला. द्राक्षरसाचे प्याले एका घोटात संपले, आणि सगळे रिकाम्या प्याल्यांकडं बघत राहिले.

कर्नेल्यबाबा म्हणून मंडळीतले जुने वडील होते. डोळे पुशीत उठले, म्हणाले, “शमुवेल, अरे काय दळलंस?”

 सलोमीला लालसर पीठ आठवलं, तीन शिंका आठवल्या. सगळं एकदम कळलं. आणि हेही कळलं की गप्प राहिलं तर तिच्यावर काही येत नाही.

शमुवेल उठला. चाळीस दिवसांत त्याचं तोंड उतरून एवढंसं झालं होतं. म्हणाला, “गिरणी माझी, चूक माझी. मंडळीनं मला क्षमा करावी.” काट्याचं त्यानं सांगितलं नाही. बायकोचंही सांगितलं नाही.

मग सलोमीला बसवेना. ती बायकांच्या बाकांमधून उठली, पुरुषांच्या बाकापर्यंत चालत गेली. सगळं देऊळ बघतंय, निम्मं अजून खोकतंय. म्हणाली, “चूक यांची नाही. दळलं मी. आणि मिरचीचं सोडा, त्याहून तिखट माझ्या तोंडून गेलं. माझा धनी दिवसभर गावाचं दळून संध्याकाळी प्रभूपाशी बसायला आला, आणि मी त्याला पिठाचे हात म्हणून बाहेर काढलं. प्रभूच्या नावानं केलेली खोली, आणि मी त्याच्याच माणसाला हाकललं. चाळीस सूर्य बुडवले मी. अहो, मला क्षमा करा. वैजापूरला जाऊ नका. मला तुमच्यावाचून घास जात नाही हो.”

आणि तिनं वाकून त्याचे हात धरले. सणासाठी घासलेले हात होते, तरी नखांच्या कडांत पीठ होतंच. ते तिनं कपाळाला लावले.

 शमुवेल तिच्याकडं बघत राहिला. ओठ हलले. चाळीस दिवसांनी तो तिच्याशी बोलला. काय बोलला?

म्हणाला, “सलोमी, आधी घोटभर पाणी दे.”

मग देऊळ असं हसलं, असं हसलं की कर्नेल्यबाबांना पाठीत थोपटावं लागलं. सलोमी रडत होती आणि हसत होती, धावत गेली, घागर आणली, ओंजळीत पाणी घातलं. आधी शमुवेलला, मग पाळकसाहेबांना, मग सगळ्या मंडळीला. पाळकसाहेब पाणी पिऊन म्हणाले, “आज मी प्रवचन करत नाही. झालं ते.”

दोघं घरी आली. दिवस अजून कासराभर वर होता. सलोमीनं कुलूप काढलं, किल्ली आडात टाकली. मखमलीची खुर्ची दळणाला येणाऱ्या बायांना बसायला गिरणीत नेली. ती चार दिवसांत पांढरी झाली, आणि कुणाला काही वाटलं नाही. शास्त्र चुलीपाशी आलं. वैजापूरच्या गिरणीला दुसरा माणूस मिळाला.

जशी सलोमीची चूक पदरात घेतली गेली, तशी तुमची-आमची घेतली जावो. जसा तिचा धनी तिला परत मिळाला, तसं ज्याचं जे रुसून बसलंय ते त्याला परत मिळो. तुमच्या चुलीला नाव असो, भाकरीला वाटेकरी असो, घरात बोलणं असो.

आणि कहाणी सांगणारी काही मोठी साध्वी नाही हो. माझी धाकटी जाऊ त्या खिडकीपाशी बसलीय. आम्ही नाताळापासून बोलत नाही. कारण विचाराल तर मला धड आठवतही नाही. बाहेर ऊन उतरलंय. आमेन म्हणा, म्हणजे मी उठते आणि तिच्याकडं जाते. चहा तोवर कुणीतरी गाळा.

ही साठां दळणांची कहाणी, पांचां मुठींत सुफळ संपूर्ण. आमेन.