गादीला मालक हवा

भिवशेट आणि रंगशेट या भावांच्या मिठाईच्या दुकानात गादी एकच होती, आणि तीही एकट्यापुरती. वडील गेल्यापासून दोघेही तिच्यावर बसत. अर्धा भिवशेट गादीवर, अर्धा जमिनीवर. रंगशेटचंही तसंच. एक म्हणे पाक उतरव, दुसरा म्हणे राहू दे. या ओढाताणीत राजाच्या नातवाच्या बारशाच्या जिलब्या करपून कोळसा झाल्या.

राजाने दोघांना दरबारात उभं केलं.

"दुकानाचा मालक कोण?"

"मी," दोघेही म्हणाले आणि तिथेच जुंपली.

राजाही हट्टाला पेटला. "उद्या संध्याकाळपर्यंत दोघांनी आपल्या तोंडाने म्हटलं पाहिजे, मालक मी नाही, माझा भाऊ आहे. मारायचं नाही, लाच द्यायची नाही, खोटं बोलायचं नाही. हे जो घडवून आणेल त्याला मागेल ते देईन. नाही जमलं तर दुकानाला टाळं!"

दिवाण समजूत घालायला गेले. दोन्ही भावांनी त्यांना आपापल्या बाजूला इतकं ओढलं की त्यांची पगडी पाकाच्या कढईत पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवशेटची लेक बकुळा राजवाड्यावर आली. टाळं लागलं असतं तर तिच्याच घरची चूल विझली असती.

"महाराज, मालकाला भेटायचंय का आपल्याला?"

"भेटायचंय म्हणजे काय! घेऊन ये त्याला."

"आणि आज चेहरा असा का उतरलाय?"

राजा ओशाळला. "फणस जरा जास्त झाला. रात्रभर तांब्या हातातून सुटला नाही."

"जपा महाराज," असं म्हणून बकुळा निघाली. साक्षीला तिने दिवाणांना सोबत घेतलं.

दुकानात दोघे भाऊ एकमेकांना कोपरं मारत गादीवर बसले होते.

"आबा, काका," बकुळा म्हणाली, "महाराजांचं पोट बिघडलंय. रात्रभर तांब्या घेऊन धावत होते. आणि त्यांनी दुकानाच्या मालकाला बोलावलंय."

गादी क्षणात रिकामी झाली.

"मालक मी नाही, दादा आहे," रंगशेट म्हणाला. "थोरला तो. मी आपला पुड्या बांधतो."

"काहीतरीच," भिवशेटला घाम फुटला. "मी भट्टीवरचा गडी. मालक माझा भाऊ, हा रंगाच."

दिवाणांनी दोघांना तसंच दरबारात नेलं आणि घडलं ते सांगितलं. राजाच्या भुवया चढल्या.

"खोटं बोलायचं नाही, असं बजावलं होतं मी."

"मी कुठे खोटं बोलले?" बकुळा म्हणाली. "पोट बिघडलं हे खरं. मालकाला बोलावलं हेही खरं."

"मग फणसाचं का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलंच नाही, महाराज. आमच्या दुकानाच्याच मिठाईने झालं असणार, अशी दोघांची खात्री होती."

राजा इतका हसला की दुखरं पोट धरून बसला. "माग, काय हवं ते माग."

"गादी द्या."

भिवशेट खेकसला, "अगं, मालक इथे जिवंत उभे असताना?"

"कोण मालक, आबा? तुम्ही म्हणालात मी नाही, काका म्हणाले मी नाही. दिवाणजी साक्षीला आहेत. बेवारस गादी कुणीतरी सांभाळायला नको?"

"आणि या दोघांचं काय करू?" राजाने विचारलं.

"राहू द्या. एक भट्टीवरचा गडी, एक पुड्या बांधणारा. हुद्दे त्यांनी स्वतःच निवडलेत."

राजाला पुन्हा हसू आवरेना. त्याने आपला शेला काढून तिच्या खांद्यावर घातला आणि म्हणाला, "दिवाणजी, बकुळाशेटना पालखीतून दुकानात पोचवा. आणि पालखी उचलायला त्यांच्या दोन्ही नोकरांना लावा."